पाणी कुठवर?

गाडी शिकवणाऱ्यांच्या मोटारीत डाव्या सीटच्या पायापाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शिकणारा उजवीकडे बसून घाम गाळतो आणि शिकवणारा डावीकडे चेहरा हसरा ठेवून पायानं दोघांचा जीव सांभाळत असतो. संभाजीनगरच्या रस्त्यांवर अर्धं आयुष्य मी हेच केलं. आमचे गॅरेजवाले शब्बीरभाई गाडी सर्व्हिसिंगला घेतली की ठरलेला टोमणा मारायचे. "क्या मॅडम, ड्रायवर के बाजू के ब्रेक का रबर नवा का नवा, और तुमारे बाजू का पूरा घिस गया. गाडी सीखनेवाला चलाता की तुम चलाते?" मी म्हणायची, "तुम्ही आधी रबर बदला."

मी साळवे मॅडम. वडील ट्रक चालवायचे. आमच्या घरात 'शिका' या शब्दाला फार मान. वडील म्हणायचे, "शिका म्हणलंय ना, मग त्यात गाडी बी आली." पडेगावच्या मोकळ्या माळावर त्यांनी मला स्टिअरिंग धरायला लावलं आणि पुढं मी त्याचाच धंदा केला. घरी माझी ख्याती खाष्ट बाई अशी आहे. मुलानं गाडी घेतली, पण मला पुढच्या सीटवर बसवायला तो कां-कूं करतो. त्याच्या गाडीत डावीकडं ब्रेक नसला तरी मी दाबतेच. पायाखालचं पायपुसणं माझ्या टाचेनं फाटलं, असं तो पाहुण्यांना दाखवतो. यावर आमच्या यजमानांचं एकच वाक्य असतं, "स्वभावाला औषध नाही."

आम्हा शिकवणाऱ्यांचंही तेच म्हणणं होतं. नवा माणूस पहिल्या दिवशी गाडीत बसला की संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या चहाच्या टपरीवर त्याच्यावर शिक्का बसायचा. भित्री, तापट, अतिशहाणा, दगड. मग शिक्क्याप्रमाणं शिकवणी. भित्रीला मैदानातच गोल गोल फिरवायचं, तापटाला गर्दीत न्यायचं नाही, अतिशहाण्याला पहिल्याच दिवशी चढावर गाडी बंद पाडू द्यायची, म्हणजे तो जमिनीवर येतो. धंद्याची रीतच होती ती, आणि बरीचशी चालायचीही.

पण काही गिऱ्हाइकं या शिक्क्यात मावेनात. देशमुख सर गणिताचे निवृत्त शिक्षक. इतके मऊ की घरच्या कुत्र्यालाही 'अहो, बाजूला व्हा' म्हणायचे. त्यांना मी क्रांती चौकात नेलं. एका रिक्षानं आडवी मारली आणि सरांच्या तोंडून जो शब्द आला तो दिवाळी अंकात छापता यायचा नाही. रिक्षावालाही क्षणभर आदरानं बघत राहिला. पुढच्या सिग्नलला सर म्हणाले, "क्षमा करा मॅडम, हे कोण बोललं मला कळलंच नाही."

दुसऱ्या मंगलताई. टीव्ही सेंटरला त्यांची खानावळ. तिथं त्या पळी घेऊन उभ्या राहिल्या की कॉलेजची दांडगी पोरंसुद्धा ताट स्वतः उचलून ठेवायची. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी जरा मागं सरकली, तर याच बाईनं स्टिअरिंग सोडून माझा दंड धरला आणि लहान पोरीसारखी म्हणाली, "आई गं, मला खाली उतरव." ती 'आई' मला उद्देशून होती की स्वर्गातल्या आईला, हे आम्ही दोघींनी नंतर कधी काढलं नाही.

मग सर तापट आणि ताई भित्र्या म्हणायच्या का? तसंही नव्हे. सर घरी जाऊन पुन्हा कुत्र्याला अहो-जाहोच करायचे आणि मंगलताईंची पळी तशीच चालायची. मला हळूहळू असं दिसू लागलं की स्वभाव म्हणजे माणसाचं गाव. माणूस दिवसभरात चार ठिकाणी हिंडून येतो, रागात जातो, भीतीत जातो, हसण्यात जातो आणि मुक्कामाला गावी परततो. आपण त्याला एकदाच परगावी पाहतो आणि तोच त्याचा पत्ता समजून बसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तास संपला की मी विचारायची, "कसं वाटलं?" बहुतेक बायका सांगायच्या, "मॅडम, सगळा वेळ लई भीती वाटली." मी तर शेजारीच बसलेली असायची. मधे त्या चक्क गाणं गुणगुणत होत्या, शेवटच्या वळणावर तेवढा टेम्पो अंगावर आला होता. पण घरी जाताना तो टेम्पो सगळ्या तासावर पसरायचा. म्हणून मी तासाच्या शेवटी विचारणं सोडलं आणि जिथल्या तिथं विचारायला लागले. सिग्नलला थांबलो की, वळण घेतलं की, ट्रक गेला की, "आत्ता कसं वाटतंय?" नव्या लोकांना वाटायचं, बाईला गप्पांची सवय आहे.

रेणुका आली ती या सवयीच्या काळात. मूळची देवगाव रंगारीकडची, धनगराच्या घरातली. लग्नानंतर नवऱ्यासोबत पडेगावात राहायला आलेली. नवरा भागवत बांधकामावर जायचा आणि ती चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंग करायची. ते पॅकिंग आता यंत्रावर जाणार होतं आणि त्या खात्यातल्या बायका घरी बसणार होत्या. एकच वाट उघडी होती. कामावरच्या बायकांना नेण्या-आणण्याच्या व्हॅनवर कंपनीला बाई ड्रायव्हर हवी होती. तिथले वाहतूक बघणारे पवार साहेब रेणुकाला म्हणाले होते, "लायसन काढा, मग माझ्यासमोर चालवून दाखवा. पण खरं सांगू का बाई, तुमचा स्वभाव काही ड्रायव्हरचा वाटत नाही."

हे तिनं मला सांगितलं ते इतक्या हळू की मला खिडकीची काच वर करावी लागली. मी विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"मंग देवगावला. दिराच्या मेंढरांमागं."

"मेंढरांचा कंटाळा आहे का?"

"नाय मॅडम, मेंढरं लई चांगली. पण ती दिराची हाईत ना."

पहिले काही दिवस भागवत मागच्या सीटवर बसून यायचा. माणूस चांगला, बायकोच्या काळजीनंच यायचा, पण तोंड थांबायचं नाही. "मॅडम, तिचा सोभावच भित्रा हाय. पाल दिसली तरी वरडती. ए, हळू! ए, म्होरं बघ!" रेणुकाचे हात घामानं निथळायचे आणि गाडी दर चौकात बंद पडायची. मी विचारायची, "आत्ता कसं वाटतंय?" ती म्हणायची, "बरंय." ओठ पांढरे पडलेले आणि उत्तर 'बरंय'. टपरीवर माझ्या सोबत्यांनी केव्हाच शिक्का मारला होता, भित्रीतली भित्री, हिला घरी पाठवा.

एकदा छावणीच्या अलीकडं गाडी पुन्हा बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ झाला आणि माझाही तोल गेला. "अगं, किती भीती वाटते ते सांग तरी! मला कळणार कसं?"

तिनं खरोखर विचार केला. म्हणाली, "कमरेइतकी."

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. गाडी कडेला घेतल्यावर तिनं समजावलं. तिच्याकडून एका दमात इतकं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. "मेंढरं नदीतून पल्याड काढायची असली की बाप म्होरं असायचा. आमी मागून वरडायचो, पाणी कुठवर? त्यो सांगायचा, घोटा. मंग गुडघा. मंग कंबर. कमरेच्या वर गेलं का थांबायचं, कोकरं उचलून खांद्यावर घ्यायची, मंगच निघायचं. भ्या बी तसंच चढतंय ना मॅडम?"

मी कपाळाला हात लावला. 'कसं वाटतंय' या प्रश्नाला कोण काय उत्तर देणार? पाण्याला मात्र देता येतं. त्या दिवसापासून आमचा प्रश्न बदलला. "रेणुका, पाणी कुठवर?" आणि ती एका शब्दात सांगायची.

आठवडाभरात मला जे कळलं ते टपरीवर कुणालाच खरं वाटेना. पैठण रोडला दोन्ही बाजूंनी ट्रक धडधडत जात असताना बाईचं पाणी घोट्याला. "ट्रकाचं काय भ्या मॅडम, मेंढरं रस्त्यानंच न्यायचो की." दौलताबादच्या अरुंद कमानीत समोरून बस आली तरी घोटाच. भागवत मागं बसला की पाणी कमरेला. मैदानात, जिथं भित्र्यांना आम्ही मुद्दाम नेतो, तिथं गुडघा, कारण टपरीवरचे सगळे तिच्याकडं बघत असायचे. रेणुकाला गाडीची भीती नव्हतीच. तिला भीती होती नजरेची आणि सूचनांची.

भागवतला मी घरी बसवलं. पाणी उतरलं. पण पडेगावच्या पलीकडं एका निर्मनुष्य रस्त्यावर ती अचानक म्हणाली, "कंबर." समोर ट्रक नाही, मागं नवरा नाही. मी चहूकडं पाहिलं. "अगं, इथं तर कुणीच नाही."

ती चाचरत म्हणाली, "तुमी हाईत ना. तुमच्या चपलेचा आवाज आला. तुमी पाय तिकडं नेला की गाडी म्या थांबिवली का तुमी, मला कळतच नाय. मंग हातातलं समदं जातंय."

मी खाली पाहिलं. माझा पाय ब्रेकवर होता. कधी गेला होता, मलाही माहीत नव्हतं. शब्बीरभाईंचा घासलेला रबर आठवला आणि मला हसूच फुटलं. मग मी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले, पंगतीत बसतात तशी. एक हात मधल्या हँडब्रेकवर ठेवला, तेवढं शहाणपण सोडलं नाही. आमच्या धंद्यात मांडी घालणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्यानं काठावर जाऊन पेपर वाचण्यासारखं आहे. माझं स्वतःचं पाणी गळ्याशी आलं होतं, पण मला कोण विचारणार?

"चल," मी म्हटलं.

रेणुकानं पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. समोर एक बैलगाडी आली, तिनं वेग कमी केला, वाट दिली, पुन्हा वेग घेतला. गाडी एकदाही बंद पडली नाही. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "घोटा." तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही, तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

यथावकाश लायसन मिळालं. आता पवार साहेबांची परीक्षा. ती मोठी अवघड होती, कारण साहेब शेजारी बसणार आणि मागं दोन सुपरवायझर. म्हणजे जिथं रेणुकाचं पाणी चढतं, नेमकी तीच जागा. तिथं माझी मांडी उपयोगाची नव्हती. नजरा नाहीशा करणं काही आपल्या हाती नव्हतं. म्हणून मी त्या भाड्यानं आणायच्या ठरवल्या.

शब्बीरभाईंच्या गॅरेजला एक जुनी व्हॅन होती. त्यात मी देशमुख सर, मंगलताई, शब्बीरभाई आणि भागवत यांना भरलं. सगळ्यांना बजावलं, की जाऊन येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही, हिच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. मंगलताई म्हणाल्या, "एवढंच ना? मला तर हे घरबसल्या येतं." मी शेजारी बसले. त्या व्हॅनमध्ये डावीकडं ब्रेकच नव्हता.

पडेगाव सुटेपर्यंत व्हॅनमध्ये बाजार भरला. "गियर उशिरा पडला." "अरे क्लच को आराम दो बेटा." "ए, म्होरं बघ!" रेणुकाचा चेहरा पांढरा झाला, हात निथळायला लागले. मी विचारलं. ती जेमतेम म्हणाली, "गळा."

"मग? कमरेच्या वर गेलं की काय करायचं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग इंडिकेटर दिला, व्हॅन सावकाश कडेला घेतली आणि उभी केली. "थांबायचं," ती म्हणाली. "कोकरं उचलायची." बाटली काढून दोन घोट पाणी प्याली, पदरानं हात कोरडे केले. मागची मंडळी बोलतच होती. तिनं त्यांना बोलू दिलं आणि मग निघाली. एवढीशी गोष्ट, पण मला तिथंच कळलं की हिचं काम झालं. भीती वाटायची थांबली नव्हती. भीती वाटल्यावर काय करायचं ते तिला लहानपणापासून येत होतं, फक्त तिनं ते गाडीत आणलं नव्हतं.

परतताना एक मोटारसायकल आडवी घुसली. रेणुकानं बरोबर ब्रेक मारला आणि मागून देशमुख सरांनी तो सुप्रसिद्ध शब्द उच्चारला. मग रेणुका हसली. मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. मंगलताई हसल्या, शब्बीरभाई "वाह सर!" म्हणाले आणि सर "क्षमा करा, क्षमा करा" करत राहिले. घरी पोचेपर्यंत पाणी घोट्याला आलं होतं आणि मागची बडबड जशीच्या तशी चालू होती.

परीक्षेच्या दिवशी मी आणि भागवत चितेगावला कंपनीच्या फाटकाबाहेर उभे होतो. साहेब शेजारी बसले, दोघे मागं बसले. निघताना रेणुकानं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं आणि कमरेला हात लावला. मी मान हलवली. व्हॅन पैठण रोडला लागली आणि दिसेनाशी झाली. भागवत येरझाऱ्या घालू लागला. "मॅडम, तिचा सोभाव..." म्हणाला. मी म्हटलं, "भागवत, गप बस."

बराच वेळ गेला. व्हॅन आली ती संथ, सरळ, फाटकात वळून अगदी पांढऱ्या रेघेवर थांबली. पवार साहेब आधी उतरले. चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काय शिकवलंय हो हे?"

मी व्हॅनकडं बघत विचारलं, "का, काय झालं?"

"अहो, उसाचा ट्रॅक्टर बाजूच्या रस्त्यानं एकदम बाहेर आला. मी ओरडलो, ब्रेक, ब्रेक! हिनं तर आधीच गाडी हळू केली होती. मी आपला बोलतच राहिलो. तर बाईनं काय करावं? गाडी कडेला घेतली, उभी केली, दोन घोट पाणी प्याली आणि मला म्हणाली, 'साहेब, तुमी आदी बोलून घ्या. मंग निघू.' मागचे दोघं हसायला लागले. मग मी बोलायचंच विसरलो." साहेबांना स्वतःलाच हसू आवरेना. "मी भित्री समजत होतो. ही तर हट्टी बाई आहे! सोमवारपासून पाठवा."

मी मनात म्हटलं, लागला दुसरा शिक्का. पण हा शिक्का पगारी होता, मी हरकत घेतली नाही. भागवत तिथंच फाटकाच्या कट्ट्यावर मटकन बसला आणि डोळे पुसू लागला. रेणुका व्हॅनमधून उतरली, चालत आमच्यापाशी आली आणि खाली वाकून तिनं आपल्या घोट्याला बोट लावलं. मी तिला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता ही माझी पद्धत झाली आहे. माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोन मुली शिकवणी चालवतात आणि त्याही शिकणाऱ्यांना विचारतात, पाणी कुठवर? डॉक्टरीणबाई असो की भाजीवाली, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टपरीवरचे शिक्के अजून चालू आहेत. रेणुका आजही हळूच बोलते, पाल दिसली की आजही ओरडते, असं भागवत सांगतो. तिचं गाव बदललेलं नाही आणि बदलायची गरजही नव्हती. एवढंच वाटतं, की रेणुकाच्या आधी मैदानात गोल गोल फिरवून ज्यांना घरी पाठवलं, त्यांना हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

गेल्या महिन्यात मला पैठण रोडला काम होतं. रेणुकाचा फोन आला, "मॅडम, सकाळची व्हॅन हाय, साहेबाला इचारलंय, चला की." मी पुढं डावीकडं बसले. मागं कामाला निघालेल्या बायकांचा कलकलाट, कुणी डब्यातली चटणी वाटतंय, कुणी सासूचं गाऱ्हाणं सांगतंय. समोर ट्रकांची रांग, कडेनं शाळेच्या सायकली. माझा उजवा पाय जमिनीवर जोरात दाबलेला होता. रेणुका रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली, "मॅडम, तिथं बिरेक नाय."

मी ओशाळले. "सवय गं."

"मंग सांगा की. पाणी कुठवर?"

इतकी वर्षं मी जगाला विचारत आले, पण मला हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी खरं तेच सांगितलं. "गुडघा."

"पाय वर घ्या."

मी चपला काढल्या, पट्टा नीट बसवला आणि त्या सीटवर मांडी घातली. मागच्या बायका हसल्या, हसू देत. रेणुकानं एक ट्रक सावकाश ओलांडला, एका सायकलवाल्या पोरीला वाट दिली. माझी केव्हा गाढ डुलकी लागली, मला कळलंच नाही. चालत्या गाडीत पुढच्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदा झोपले होते.

तिनं हलवून उठवलं तेव्हा चितेगाव आलं होतं. बायका उतरत होत्या. "मॅडम," ती हसत म्हणाली, "आता?"

"कोरडं," मी म्हटलं. "ठणठणीत कोरडं."